अर्ध्या दिवसाचं काम

निपाणी
१२ ऑगस्ट २०२५

अण्णा,

जयभीम. अक्षर ओळखलं असशील. सहावीत पट्टी मारून मारून तूच ते वळवलंस.

पत्र कशाला, असं वाटेल तुला. तुझा नंबर लागत नाही. तू तो बदललास की माझाच नंबर बंद करून ठेवलायस, हे मी विचारणार नाही. पत्ता मामाकडून घेतला. मागच्या महिन्यात तो पुण्याला आलता. तुझ्या सोसायटीच्या गेटपर्यंत आला, तू कामावर होतास म्हणून वॉचमनशी बोलून परतला म्हणे.

तुझ्या लग्नाच्या मांडवातून आम्ही तिघं न जेवता निघालो, त्याला चार वर्षं झाली. त्यावर मी काही लिहिणार नाही. ते तुझं आणि आप्पांचं.

घरचं सांगते. आप्पांचं वखारीतलं काम गेल्या दिवाळीपासून बंद आहे. कुणी काढलं नाही. शेठ एवढंच म्हणाले, "सत्याप्पा, खोकला कमी झाला की ये." तो काही कमी होत नाही. पस्तीस वर्षं तंबाखूची पोती वाहिली, ती धूळ अजून आत आहे. डॉक्टर छातीचा फोटो उजेडाकडे धरून बघतात, बोलत काही नाहीत, औषध तेवढं बदलतात. आई अजून विड्या बांधते. सकाळी उठल्यावर तिच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. ती बोटं गरम पाण्यात धरते आणि मग सूप मांडीवर घेते.

मी गेल्या वर्षी बी.कॉम. झाले. फर्स्ट क्लास. तुला कुणी सांगितलं नसेल. नोकरी अजून नाही. घरीच असते, परीक्षांचा अभ्यास करते. आमचं भागतं, काळजी करू नकोस.

उत्तर पाठवलंस तर एक आहे. दुपारी दोन ते सहा मी घरात नसते. त्या वेळी पोस्टमन आला आणि पाकीट आप्पांच्या हातात पडलं, तर ते उघडणार नाहीत, पण दिवसभर हातात धरून बसतील. म्हणून पाकिटावर माझं नाव मोठं घाल.

मैत्री

---

निपाणी
९ सप्टेंबर २०२५

अण्णा,

तुझं उत्तर नाही. पण माझं पत्र परतही आलं नाही. म्हणजे कुणीतरी घेतलं. तू नाही तर वहिनींनी.

मागच्या पत्रात मी लिहिलं, घरीच असते. खाली लिहिलं, दोन ते सहा नसते. असल्या चुका तू लगेच पकडतोस, म्हणून मीच सांगते.

मी काम करते. स्टँडच्या मागच्या गल्लीत परशरामभाऊंचं ऑनलाइन सेंटर आहे, तिथे. रेशन कार्ड, आधार, उतारे, उत्पन्नाचे दाखले, परीक्षांचे अर्ज. आपल्याकडच्या लोकांना कन्नड बोलता येतं, पण वाचता येत नाही. पोर्टल सगळं कन्नडात. मला दोन्ही येतं, म्हणून त्यांनी मला ठेवलं. दिवसाचे चार तास. पगार हातात देतात, कुठे सही नाही.

आता दुसरी गोष्ट. इथे कर्नाटक सरकारची युवानिधी आहे. डिग्री होऊन सहा महिने नोकरी लागली नाही तर दोन वर्षं महिन्याला तीन हजार मिळतात. मला ते जानेवारीपासून येतात. आप्पांचं औषध त्यातूनच येतं. दर तीन महिन्यांनी मात्र पोर्टलवर जाऊन सांगावं लागतं की मला अजून काम नाही. मार्चमध्ये मला सेंटरचं काम मिळालं. मेमध्ये ते सांगायची वेळ आली.

तिथे दोनच पर्याय होते, अण्णा. काम आहे, काम नाही. अर्धा दिवस काम असेल तर त्याने कुठे जायचं, ते लिहिलेलं नव्हतं. मी ते पान तीनदा वरून खाली वाचलं. मग 'नाही'वर क्लिक केलं. सेंटरच्या खुर्चीत बसून, सेंटरच्याच कंप्युटरवर, दुपारी चार वाजता. माझ्या टेबलापुढे दोन माणसं ओळीत उभी होती आणि परशरामभाऊ मागून म्हणत होते, "मैत्री, आवर लवकर, लोकं खोळंबल्यात."

ऑगस्टमध्ये परत तेच केलं. या वेळी पान वाचलं नाही.

आईला मी सरळ विचारलं नाही. सहज विचारल्यासारखं विचारलं, "अर्ध्या दिवसाचं काम म्हणजे काम म्हणायचं का गं?" ती पानं कातरत होती. म्हणाली, "अर्ध्या विड्या बांधायच्या म्हटलं तरी बोटं धाच्या धा लागत्यात."

आप्पांना सांगितलंय, सरकार शिकलेल्या मुलांना पैसे देतं. ते खोटं नाही. फक्त पुरतं खरं नाही.

तुला हे का लिहिते? एक विचारायचं आहे. ऑगस्टमध्येच यमगर्णीची रचना सेंटरला आली. माझ्याच वर्गात होती, शेतकरी घरातली. तिलाही युवानिधी येत होती. जूनपासून ती गावच्या बालवाडीत सकाळी तीन तास शिकवते. मला म्हणाली, "मैत्री, तीन तासाचंच हाय. मी कशावर मारू?" मी तिला नियम सांगितला. काम ते काम. खोटं लिहून सापडलीस तर पैसे परत भरावे लागतील, केसही होऊ शकते. तिने थोडा वेळ स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "मग 'आहे'वर मार." मी मारलं. तिचे पैसे बंद झाले.

मी बरोबरच सांगितलं ना? इथे हे कुणाला विचारता येत नाही, म्हणून तुला विचारते.

मैत्री

---

निपाणी
२४ ऑक्टोबर २०२५

अण्णा,

पाडव्याला आईच्या फोनवर तुझा कॉल आला. एक मिनिट दहा सेकंद. मी नंतर बघितलं. जेवलीस का, गोळ्या घेतेस का, बोटं कशी आहेत. बोटांचं तुला माझ्या पत्रातून कळलं. म्हणजे तू वाचतोस. बरं वाटलं.

आप्पा तिथेच खाटेवर होते. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पण तू बोलत होतास तेवढा वेळ त्यांनी खोकला दाबून धरला, आवाज ऐकू यावा म्हणून. फोन बंद झाल्यावर इतके खोकले की आईला पाठ चोळावी लागली. हे तुला आईने सांगितलं नसणार.

रचनाचं पुढे झालं ते लिहिते. आधी मागच्या पत्रातलं दुरुस्त करते. मी तिला नियम सांगितला तो नियमासाठी नव्हे. तिने 'नाही' लिहिलं असतं आणि ती सापडली असती, तर आमच्या सेंटरवरून भरलेले सगळे अर्ज तपासले असते. त्यात माझाही आला असता. मी तिला वाचवलं नाही, मला झाकलं.

डॉक्टरांनी आप्पांना संध्याकाळी चालायला सांगितलंय. ते चालत सेंटरपर्यंत येतात, धुतलेला सदरा घालून, आणि बाहेरच्या बाकावर बसून माझं काम सुटायची वाट बघतात. परशरामभाऊ काही म्हणत नाहीत. सप्टेंबरच्या शेवटी रचना शिक्षक परीक्षेच्या अर्जाची प्रिंट काढायला आली. बाकावर आप्पांच्या शेजारी बसली. आप्पांनी विचारपूस सुरू केली.

"कुठली गं तू?"

"यमगर्णीची. मैत्रीच्या वर्गात होतो आम्ही."

"मग तुला बी येत असतील की सरकारचं पैसं. हिला येत्यात म्हैन्याच्या म्हैन्याला. शिकल्याचं बक्षीस हाय ते. आणि वर ही नोकरी बी. आमच्या घराण्यात खुर्चीवर बसून काम करणारी पयली हीच."

अण्णा, खुर्चीवर बसणारा पहिला तू, पण त्यांनी तुला धरलंच नाही. मी ते ऐकलं, पण त्या क्षणी मला तुझं काही वाटलं नाही. मी रचनाकडे बघत होते. ती माझ्याकडे बघत होती. प्रिंटरमधून तिचा कागद बाहेर येत होता. ती उठली, "किती झालं?" म्हणाली, पैसे ठेवले आणि गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, परशरामभाऊ जेवायला गेलेले, मी सेंटरचं कुलूप काढायच्या आधी ती दारात उभी होती.

"तू सोता काय लिवलंस?"

मी म्हटलं, "तुझं वेगळं आहे, रचना."

"काय येगळं?"

"तुमची जमीन आहे. आमच्या घरी आप्पांचं काम बंद झालंय."

"जमीन भावाची हाय," ती म्हणाली. "माझं सोताचं म्हणून त्येवढं तीन हजारच होतं. त्यातनं मी दर रविवारी बेळगावला क्लासला जायची. आता जात न्हाय. घरातली म्हणत्यात, सोड की नाद, बालवाडी हाय, बास झालं. औंदा लगीन बघायला लागल्यात."

मी वाकून कुलूप काढायला लागले.

"मी अर्ज देणार हाय बेळगावच्या आफिसात," ती म्हणाली. "तुझं नाव घालून आणि खाली माझं बी नाव घालून. मागनं बोट दावणारी मी न्हाय, म्हणून सांगाय आलतो."

आणि ती एस.टी. धरायला निघून गेली. त्याला आता चार आठवडे झाले. ऑफिसातून काही आलेलं नाही. आप्पा अजून रोज बाकावर येऊन बसतात.

मैत्री

---

निपाणी
२२ नोव्हेंबर २०२५

अण्णा,

आले. मंगळवारी सकाळी अकरा वाजता. एकच साहेब होते, हातात फाइल, स्कूटर गल्लीच्या तोंडाला लावून चालत आले. पन्नाशीचे असतील. बोलायला वाईट नव्हते. आप्पा उंबऱ्यात बसले होते. साहेबांनी चपला काढायच्या आधी घर सत्याप्पांचंच ना, असं विचारून घेतलं.

मग कन्नडात विचारलं, "निम्म मगळु केलसा माडताळा?" तुमची मुलगी काम करते का?

आप्पा नेहमीसारखे फुलले. सेंटर, खुर्ची, कंप्युटर, सगळं त्यांच्या ओठावर आलं असणार. तेवढ्यात साहेब फाइल उघडत म्हणाले, काम नसलेल्यांनाच हे पैसे मिळतात, त्याचीच चौकशी आहे.

तुला माहीत आहे, आप्पांना एखादी गोष्ट समजायला लागली की ते पायाच्या अंगठ्याकडे बघतात. तसे बघत बसले. पैसे बक्षीस नव्हते. पोरीने सरकारला लिहून दिलं होतं, मला काम नाही. आणि ते दोन महिने त्याच पोरीच्या कामाच्या दारात बाकावर बसून सगळ्या गावाला सांगत होते.

मग ते म्हणाले, "इल्ला री." नाही हो.

साहेबांनी परत विचारलं, कुठेच नाही? अर्धा वेळही नाही?

"इल्ला री. घरातच असती."

खोटं बोलायला आप्पांनी कन्नड घेतलं. मराठीत त्यांना ते जमलं असतं की नाही, कोण जाणे. साहेबांनी लिहून घेतलं, आप्पांनी सही केली, स्कूटर गेली.

त्यानंतर आप्पा मला एक अक्षर बोलले नाहीत. संध्याकाळी चालायला गेले नाहीत. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. विहारात पुस्तकाचा कार्यक्रम होता, तिथेही गेले नाहीत. आईने विचारलं, "काय व्हतंय?" तर म्हणाले, "काय न्हाय."

काल सकाळी मी भांडी घासत होते. मागे येऊन उभे राहिले.

"भीमाला फोन लाव."

मी हात तसेच ठेवले. चार वर्षांत त्यांनी तुझं नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. आई घरातून बाहेर आली, सूप हातातच.

मी म्हटलं, "आप्पा, माझ्या फोनवरून लागत नाही."

"आईच्यावरनं लाव."

लावला. रिंग गेली, तू उचलला नाहीस. कामावर असशील. आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे," आणि धुण्याच्या दगडावर बसले. मग बोलायला लागले. माझ्याशी की आईशी, कळलं नाही.

"मांडवात त्यो त्याच्या सासऱ्याला म्हणाला, आमच्या आप्पांचा तंबाखूचा यापार हाय. मी म्हटलं, यापार न्हाय पाव्हणं, मी पोती उचलतो. खोटं का म्हणून ऐकून घ्यायचं? बाबासाहेबांचा फोटो समोर. मला वाटलं ह्येला माझी लाज वाटती. चार वर्सं तेच धरून बसलो. मंगळवारी त्यो साहेब माझ्या दारात इचारतोय, पोरगी काम करती का, आणि माझ्या तोंडातनं न्हाय आलं. तवा मला हिची लाज वाटली व्हय? मला हिला वाचवायचं व्हतं." त्यांनी आईकडे बघितलं. "त्यो बी मलाच वाचवाय बघत आसंल. त्या मोठ्या लोकांत. आपल्याला कुणी कमी बघू नये म्हणून."

आई एवढंच म्हणाली, "मी तवाच सांगत व्हतो तुमास्नी."

अण्णा, तू मांडवात ते का म्हणालास, मला माहीत नाही. आप्पा म्हणतात तसंच होतं, असं मी तुझ्या वतीने म्हणणार नाही. ते त्यांनी मानलंय एवढं तुला कळावं म्हणून लिहिते.

पोर्टलवर परत सांगायची वेळ आली आहे. मंगळवारपर्यंत मुदत आहे. मी अजून काही केलेलं नाही.

मैत्री

---

निपाणी
८ डिसेंबर २०२५

अण्णा,

मागच्या पत्रात मी एक लिहिलं नाही. साहेब आले तेव्हा मी घरातच होते. सकाळी मी घरातच असते, तुला माहीत आहे. दाराच्या आतल्या बाजूला उभी होते. आप्पा "इल्ला री" म्हणाले ते मी तिथून ऐकलं. मला पुढे होऊन बोलता आलं असतं. साहेबांनी नंतर मलाही बोलावलं, कागद पुढे केला, आणि मी आप्पांच्या सहीखाली सही केली. पेन त्यांच्याच हातातून घेतलं. मी ते सगळं आप्पांवर घालून तुला पत्र लिहिलं.

२४ तारखेला, सोमवारी, मी यमगर्णीला गेले. रचना अंगणात भुईमुगाच्या शेंगा निवडत होती. मला बघून उठली नाही. मी समोर बसले आणि म्हटलं, मी उद्या 'आहे' लिहिणार आहे. बेळगावला जाऊन मागचंही सांगणार आहे. त्याने तुझे पैसे परत येणार नाहीत. पण तुला मी आधी सांगायला आले.

तिने हातातल्या शेंगा निवडून संपवल्या. मग म्हणाली, "तू मला खरं सांगितलंस त्याचा राग न्हाय मला. खरं फकस्त मलाच सांगितलंस, त्याचा हाय."

मी म्हटलं, "व्हय."

"चौकशीला साहेब आलतं म्हणं तुमच्याकडं."

"आलते. आप्पा खोटं बोलले. मी सही केली."

तिने वर बघितलं. आप्पांबद्दल ऐकून तिचा चेहरा बदलला. बाकावर ती त्यांच्या शेजारी बसली होती ना. "म्हाताऱ्याला कशाला घातलंस त्यात?" म्हणाली.

मी उठले तशी म्हणाली, "बस. आईनं चहा टाकलाय. मी तुला माफ केलं असं समजू नको. चहा आईनं टाकलाय."

मी चहा प्याले. तिची आई माझ्या आईच्या बोटांबद्दल विचारत होती. तिला कुठून कळलं कोण जाणे, गावात सगळ्यांना सगळं कळतं.

मंगळवारी मी पोर्टलवर 'आहे' लिहिलं. घरी फोनवरून लिहिलं, सेंटरवरून नाही. परशरामभाऊंना आधी सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला. "मैत्री, तू माझं नाव लिवशील, मग मला इचारतील किती जणं कामाला हायत, पगार कसा देतोस. माझ्या सेंटरचं लायसन हाय गं." ते वाईट माणूस नाहीत. महिन्याचा पगार दिला, वर पाचशे दिले, आणि उद्यापासून येऊ नको म्हणाले. म्हणजे 'काम आहे' असं मी ज्या दिवशी लिहिलं, त्याच दिवशी ते गेलं. आता मी खरोखर बेकार आहे, आणि आता ते लिहून देऊन काही मिळत नाही. संध्याकाळी मी हे आईला सांगितलं आणि आम्ही दोघी हसलो. मग ती रडली.

बेळगावला आम्ही गुरुवारी गेलो. मी एकटीच जाणार होते. सकाळी बघते तर आप्पा धुतलेला सदरा घालून दारात उभे. मी म्हटलं, तुम्हाला जिने चढायला होणार नाहीत. म्हणाले, "दमानं चढू." ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. पहिल्या मजल्यावर ते खिडकीला धरून बराच वेळ उभे राहिले. येणारे जाणारे आजोबा आजोबा करत बाजूने जात होते.

आत बाई होत्या, मराठी बोलणाऱ्या. मी माझं लिहून आणलेलं पुढे ठेवलं. मार्चपासून चार तास काम, मे आणि ऑगस्टला चुकीचं लिहिलं, चौकशीत खोटी सही केली. त्या वाचत असताना आप्पा उभेच राहिले. मी हाताला धरलं तरी बसले नाहीत.

"बाई, मी त्या दिवशी खोटं बोललो," आप्पा म्हणाले. "माझी पोरगी काम करती. दोनपास्नं सापर्यंत. लई चांगलं करती. ज्येला वाचाय येत न्हाय त्येचा कागद ही भरून देती."

बाईंनी चष्मा काढला. "आजोबा, यात केस होऊ शकते, माहीत आहे का तुम्हाला?"

"म्हणून तर तिला एकटी धाडली न्हाय."

बाईंनी चष्मा टेबलावर ठेवला. मग शिपायाला आप्पांसाठी पाणी आणायला सांगितलं. मिळालेले पैसे परत भरावे लागतील म्हणाल्या, थोडे थोडे भरून चालेल का ते वर विचारून कळवतील. केसचंही वरच ठरेल. मी रचनाच्या अर्जाबद्दल विचारलं. तिने खरं लिहिलं होतं, तिचं काय? म्हणाल्या, अर्धा दिवस काम म्हणजे नोकरी धरायची का, हा प्रश्न तिच्या अर्जामुळेच त्यांनी बंगळूरला लिहून पाठवलाय. उत्तर नाही. मी म्हटलं, आलं तर आधी तिला कळवा. त्यांनी ते अर्जाच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं. मी बघितलं.

परत येताना काकतीच्या पुढे आप्पांना झोप लागली. खोकला न येता तासभर झोपले. खूप दिवसांनी.

आता तुझं. परवा सहा डिसेंबरला विहारातून आल्यावर आप्पा म्हणाले, "भीमाला पत्र लिवतीस न्हवं तू?" त्यांना माहीत होतं. माझी पत्रं पोस्टात टाकायला ऑगस्टपासून तेच जात होते, मी टेबलावर ठेवलेली. मला वाटायचं आई देते कुणाकडे.

मी म्हटलं, "काय लिहू?"

"मी येतो म्हणून लिव."

मी म्हटलं, त्याला इकडे ये म्हणून लिहिते, तुम्हाला इतका प्रवास झेपणार नाही. तर रागावले. "उठून मी आलतो मांडवातनं. त्यो न्हाय. त्यानं का यायचं?"

रविवारी, १४ तारखेला, सकाळच्या गाडीने निघतील. बेळगावात विधानसभेचं अधिवेशन सुरू झालंय, सीमाप्रश्नावरून काही झालं तर गाड्या कागलपर्यंतच सोडतील असं स्टँडवर बोलतात. आप्पा म्हणाले, मग कागलापास्नं दुसरी धरीन. आई सोबत जायला निघाली होती, तिला नको म्हणाले. मला तर विचारूच दिलं नाही. दुपारी तीनपर्यंत स्वारगेटला पोचतील. औषधाची पिशवी मी शिवून दिली आहे, दोन वेळच्या गोळ्या वेगळ्या बांधल्या आहेत. जिना असेल तर त्यांना थांबत थांबत चढू दे, मागून घाई करू नकोस.

तू स्टँडवर आला नाहीस तर काय करतील, तेही मी विचारलं. म्हणाले, तिथंच बाकावर बसतो, सकाळच्या गाडीनं परत फिरतो. रागाने नाही म्हणाले. तुला सुट्टी नसेल, तुला काही अडचण असेल, असं म्हणाले.

त्याला स्टँडवर ये म्हणून लिहू नको, असं त्यांनी मला दोनदा बजावलंय. म्हणून मी तसं लिहीत नाही.

आप्पा येतायत.

मैत्री